ट्रॅकवर ब्रेक तापतात तेव्हा: ब्रेक कूलिंगबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुण्या-मुंबईहून पोलो, ऑक्टेव्हिया व्हीआरएस, आय20 एन लाइन किंवा तशीच एखादी चपळ गाडी घेऊन ग्रेटर नोएडाच्या बुद्ध सर्किटवर, चेन्नईजवळच्या इरुंगट्टुकोट्टईला किंवा कोइंबतूरच्या कारी मोटर स्पीडवेवर जाणाऱ्यांसाठी हे लिहिलं आहे. इंजिनाचा रीमॅप आणि एक्झॉस्टवर आपल्याकडे भरभरून बोललं जातं, ब्रेक थंड करणाऱ्या हवेबद्दल फारसं कुणी बोलत नाही. गाडी वेगवान करण्याआधी ती पुन्हापुन्हा थांबेल याची सोय झाली पाहिजे, असं मला मनापासून वाटतं.

शहरात आणि एक्स्प्रेसवेवर कधी त्रास न देणारे ब्रेक ट्रॅकवर तीन-चार लॅपमध्ये का हात टेकतात?

हिशेब करून बघा. चालकासह 1,500 किलोची गाडी ताशी 200 वरून 80 वर आणायची, तर तिच्या गतीतली सुमारे 19 लाख जूल ऊर्जा कुठेतरी जायला हवी. थोडी हवेच्या विरोधात आणि इंजिनात जाते, बाकी सगळी ब्रेकमध्ये उष्णता होऊन उतरते. ब्रेक मारताना वजन पुढे झुकतं, म्हणून साधारण 70 टक्के भार पुढच्या चाकांवर पडतो. पुढची एक डिस्क, म्हणजे चाकासोबत फिरणारी ब्रेकची तबकडी, 9 किलोच्या बिडाची धरली, तर या एकाच ब्रेकिंगने तिचं तापमान जवळजवळ 150 अंशांनी चढतं.

रस्त्यावर त्यानंतर पाच-दहा मिनिटं ब्रेक लागत नाही आणि डिस्क निवते. बुद्ध सर्किटची एक लॅप 5.125 किलोमीटरची. तिथे एक किलोमीटरहून लांब मागच्या सरळ पट्ट्याच्या शेवटी चौथ्या वळणावर असा दणका बसतो, आणि त्याच लॅपमध्ये आणखी तीन-चार ठिकाणी कमीजास्त जोरात ब्रेक मारावा लागतो. दोन ब्रेकिंगच्या मध्ये जेवढी उष्णता बाहेर पडते त्यापेक्षा जास्त आत येत राहिली, की तापमान पायरीपायरीने वर जातं. कूलिंग म्हणजे ही मधली गळती वाढवणं. एका ब्रेकिंगमध्ये डिस्क किती तापेल हे तिच्या वजनावर ठरतं, दहा लॅपनंतर ती कुठे जाऊन स्थिरावेल हे हवेवर.

माझं पेडल मऊ पडतं. डक्ट, म्हणजे ब्रेकवर हवा आणणारा पाइप, बसवू का?

आधी नेमकं काय होतंय ते ओळखा. तापलेले ब्रेक दोन वेगळ्या प्रकारे दगा देतात आणि दोन्हींचा इलाज वेगळा आहे.

पेडल नेहमीसारखं घट्ट आहे, पण कितीही दाबलं तरी गाडी हवी तशी थांबत नाही, तर डिस्कवर घासून ती थांबवणारा पॅड त्याच्या मर्यादेबाहेर तापलाय. पेडल मऊ, लांब, थेट तळाला जातंय आणि पुन्हापुन्हा पंप केल्यावर थोडं वर येतंय, तर पॅड दाबणाऱ्या कॅलिपरमधलं ब्रेक ऑइल उकळलंय. वाफ दाबली जाते, द्रव दाबला जात नाही. म्हणून पायाचा जोर पॅडपर्यंत पोहोचतच नाही. हा दुसरा प्रकार जास्त भयंकर, कारण तो एका ब्रेकिंगपासून पुढच्या ब्रेकिंगपर्यंत अचानक येतो.

पेडल मऊ पडत असेल तर पहिला खर्च ब्रेक ऑइलवर करा, दुसरा पॅडवर. डक्ट त्यानंतर. कंपनीचे पॅड आणि दोन वर्षांचं जुनं ऑइल तसंच ठेवून बंपरला भोकं पाडणं हा उलटा क्रम आहे, आणि तो मी वारंवार पाहतो.

मग ऑइल कोणतं?

डॉट 4 या प्रतीच्या ऑइलचा उकळबिंदू नवं असताना किमान 230 अंश सेल्सिअस हवा आणि ओलावा शोषल्यानंतर किमान 155. डॉट 5.1 ला हेच आकडे 260 आणि 180. ओलावा शोषलेलं म्हणजे साधारण 3.7 टक्के पाणी असलेलं. ग्लायकॉलचं ऑइल हवेतलं पाणी ओढून घेतं, आणि कोकणात किंवा मुंबईत पावसाळा काढलेल्या गाडीत ते काम जरा लवकरच होतं.

ट्रॅकसाठी वेगळी ऑइलं मिळतात. मोतुल आरबीएफ 600 चा कोरडा उकळबिंदू 312 अंश आहे, आरबीएफ 660 चा 325. ही डॉट 4 च्याच कुळातली असल्याने नेहमीच्या सिस्टिममध्ये चालतात. डॉट 5 मात्र सिलिकॉनचं असतं. ते यांत कधीही मिसळू नका. नाव डॉट 5.1 च्या इतकं जवळचं आहे, की दुकानात डबा दोनदा वाचून घ्यावा.

ट्रॅक-डेच्या, म्हणजे आपली गाडी ट्रॅकवर चालवण्याच्या दिवसाच्या, आधी नवं ऑइल भरून चारही चाकांच्या ब्रेकमधली एअर काढून घ्या. ऑइल एकदा उकळलं असेल तर पुढच्या सेशनआधी पुन्हा एअर काढावीच लागते. थंड झाल्यावर पेडल परत घट्ट वाटलं तरी त्यावर विसंबू नका.

आणि पॅड?

रस्त्याचे साधे ऑरगॅनिक पॅड 350-400 अंशांच्या पुढे पकड सोडू लागतात. ट्रॅकचे पॅड त्याच्या बरंच वर टिकतात, पण थंड असताना कुरकुरतात आणि कमी चावतात. नवे पॅड बसवल्यावर ते सांगितल्या पद्धतीने हळूहळू तापवून रुळवा. तसं न करता थेट ट्रॅकवर गेलात, तर पॅडमधल्या रेझिनचा वायू पॅड आणि डिस्कच्या मध्ये येतो आणि पहिल्याच सेशनला ब्रेक लागत नाहीत. दोष मग उगाच पॅडच्या कंपनीला दिला जातो.

ऑइल झालं, पॅड झाले. तरी ब्रेक तापतात. आता हवा नेमकी कुठे सोडायची?

या सगळ्या विषयात सर्वांत जास्त चूक इथे होते, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

पुढच्या डिस्क व्हेंटिलेटेड असतात, म्हणजे दोन तबकड्या आणि त्यांच्या मध्ये पाती. डिस्क फिरते तेव्हा ती एअर कूलरमधल्या ब्लोअरसारखी वागते: मधून हवा ओढते आणि कडेने बाहेर फेकते. उष्णता काढण्याचं मोठं काम या आतल्या वाटांमध्ये होतं, बाहेरच्या चकचकीत पृष्ठभागावर नाही. डक्टमधून आणलेली हवा म्हणूनच डिस्कच्या मध्यभागी, हबच्या भोवती जिथे पात्यांची तोंडं उघडतात तिथे सोडायची. स्टीअरिंग नकलच्या (हब धरून ठेवणाऱ्या भागाच्या) बाजूने डिस्कच्या आतल्या अंगाला ते तोंड दिसतं.

पाइपचं टोक नुसतं डिस्कच्या दिशेला करून बांधलं तर काय होतं? हवा डिस्कच्या आतल्या तोंडावर आदळते, ती एक बाजू थंड होते आणि बाहेरची तापलेलीच राहते. दोन तबकड्या वेगवेगळ्या प्रसरण पावतात, डिस्कवर ताण येतो, ती बशीसारखी वाकायला लागते आणि तडे लवकर जातात. हवा भरपूर, खर्च भरपूर, आणि डिस्कचं आयुष्य कमी.

चांगला इलाज म्हणजे डिस्कमागच्या पत्र्याच्या जागी बसणारी बॅकिंग प्लेट. ती हबच्या भोवती डिस्कला शक्य तितकी जवळ, पण न घासता बसते आणि तिच्यातल्या नळीतून हवा थेट मधल्या तोंडात जाते. फट जितकी कमी, तितकी हवा वाया कमी जाते. तुमच्या गाडीसाठी तयार प्लेट मिळत नसेल तर फॅब्रिकेशनवाल्याकडून ॲल्युमिनियमची बनवून घेता येते. नकलवर तिला पक्के बोल्ट हवेत. केबल टायवर लोंबणारी प्लेट डिस्कमध्ये अडकली तर काय होईल याची कल्पना करा.

डिस्कमागचा पत्रा काढूनच टाकला तर?

फुकटात होणारं काम म्हणून हे लोकप्रिय आहे आणि थोडा फरक पडतोही. पण तो पत्रा चिखल-खडी अडवतो, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे बॉल जॉइंट आणि टाय रॉड एंडच्या रबरी बूटांना डिस्कच्या झळेपासून वाचवतो. निव्वळ ट्रॅकची गाडी असेल आणि दर वेळी खाली वाकून बूट तपासणार असाल तर काढा. रोज ऑफिसला नेणाऱ्या गाडीचा काढू नका. मधला मार्ग म्हणून हबच्या भोवतीचा थोडाच भाग कापून तोंड मोकळं करतात, तो मला जास्त पटतो.

हवा घ्यायची कुठून?

गाडीच्या पुढच्या तोंडावर जिथे हवा थेट आपटते तिथून. फॉग लॅम्पची जागा सोयीची पडते, कारण ती बहुतेक वेळा चाकाच्या सरळ पुढे येते आणि लॅम्प काढून तिथे तोंड बसवलं तर बंपर शाबूत राहतो. बंपर कोपऱ्याकडे वळायला लागला की दाब झपाट्याने घटतो. म्हणून तोंड जितकं मधल्या बाजूला, तितकं चांगलं. बंपरवरची प्रत्येक जाळी खरी नसते हेही बघून घ्या. अनेक गाड्यांत ती मागून बंद असते.

विमानासारखी सपाट, त्रिकोणी तोंडाची डक्ट पुष्कळांना आवडते. अमेरिकेच्या नाका या विमानसंशोधन संस्थेने ती 1945 च्या सुमारास विकसित केली. तिचा गुण असा, की पृष्ठभागाला चिकटून वाहणारी हवा फारसा अडथळा न करता आत घेते. बॉनेटवर किंवा पोटाखालच्या सपाट पत्र्यावर ती शोभते. बंपरच्या उभ्या तोंडावर तिचा उपयोग नाही, तिथे साधं उघडं तोंडच जास्त हवा घेतं.

पाइप किती जाड आणि कशाचा?

बसेल तितका जाड. क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गाने वाढतं, त्यामुळे 3 इंची पाइपाचं तोंड 2 इंचीच्या सव्वादोन पट असतं. रस्त्यावरच्या गाड्यांत अडीच ते तीन इंच हीच मर्यादा पडते, कारण चाक पूर्ण वळल्यावर मध्ये जागाच उरत नाही.

डिस्कजवळ सिलिकॉन चढवलेल्या ग्लासफायबरचाच होज हवा, तो 250 अंशांच्या वर टिकतो. ड्रायरचा ॲल्युमिनियम पाइप किंवा साधा प्लॅस्टिकचा पन्हळी पाइप तिथे लावू नका. वळणं कमी आणि मोठ्या त्रिज्येची ठेवा. चपटा झालेला किंवा दोनदा मुरडलेला 3 इंची पाइप सरळ 2 इंचीपेक्षाही कमी हवा देऊ शकतो.

बसवून झाल्यावर स्टीअरिंग डावीकडे पूर्ण, उजवीकडे पूर्ण, गाडी जॅकवर लोंबती आणि गाडी जमिनीवर, अशा चारही स्थितींत पाइप टायरला, ड्राइव्हशाफ्टला किंवा एबीएस सेन्सरच्या वायरीला घासतोय का ते हात घालून बघा. टायर पाइप खातो, हे पहिल्या ट्रॅक-डेनंतर हमखास दिसणारं दृश्य आहे.

बंपरला हात न लावता काही होईल का?

होईल. खालच्या कंट्रोल आर्मवर (चाकाला गाडीशी जोडणाऱ्या दांड्यावर) बसणारे डिफ्लेक्टर हा पैशाच्या मानाने सगळ्यांत चांगला उपाय आहे. गाडीखालून जाणारी हवा ते ब्रेककडे वळवतात. पोर्शे 911 जीटी3 चे डिफ्लेक्टर इतर पोर्शेंवर बसवतात, आणि ऑडी आरएस3 चे गोल्फ जीटीआय, ऑक्टेव्हिया व्हीआरएस यांसारख्या भाऊबंदांवर. कंपनीचाच भाग, क्लिपने बसतो, नको तेव्हा काढता येतो. पूर्ण डक्टइतकी हवा त्यातून मिळत नाही, पण हौशी ट्रॅक-डेला बहुतेकांचं काम इथेच भागतं. आपल्या स्पीडब्रेकरना ते घासतात एवढं लक्षात ठेवा.

छिद्रं पाडलेल्या डिस्क थंड राहतात ना?

छिद्रांमुळे वजन घटतं, म्हणजे उष्णता साठवणारं बीडच कमी होतं, आणि छिद्राच्या काठापासून तडे सुरू होतात. ट्रॅकसाठी साध्या किंवा खाचा असलेल्या डिस्क घ्या. खाचा पॅडचा पृष्ठभाग साफ ठेवतात, कूलिंगसाठी त्या नसतात.

डिस्कला डावी-उजवी असते का?

आतली पाती सरळ असतील तर नाही, वक्र असतील तर असते. गाडी पुढे जाताना पात्यांची बाहेरची टोकं मागे रेललेली हवीत, म्हणजे हवा नीट बाहेर फेकली जाते. वरच्या खाचांच्या तिरकेपणावरून बाजू ठरवू नका, डिस्कच्या कडेतून आत डोकावून पाती बघा. उलटी बसवलेली डिस्क ब्रेक व्यवस्थित लावते, फक्त पंप म्हणून कमी चालते, त्यामुळे ही चूक वर्षानुवर्षं लक्षात येत नाही.

मोठा ब्रेक किट घेतला की डक्ट लागणार नाही, बरोबर?

काही प्रमाणात. मोठी डिस्क जड असते, त्यामुळे प्रत्येक ब्रेकिंगला कमी तापते, आणि तिचा पृष्ठभागही जास्त असतो. पण त्याच पैशांत ऑइल, पॅड, डक्ट आणि दोन ट्रॅक-डे होऊन काही उरतं. शिवाय किटमुळे चाकाच्या आतली सगळी जागा भरते आणि वजन वाढतं. 1,100-1,200 किलोच्या पोलोसारख्या गाडीला मी आधी हवाच देईन. जड, 250 अश्वशक्तीच्या गाडीला दोन्ही लागू शकतात.

पॅडमागे टायटॅनियमच्या चकत्या बसवाव्यात का?

टायटॅनियमच्या मिश्रधातूतून उष्णता स्टीलच्या तुलनेत बरीच हळू वाहते. चकती पॅड आणि कॅलिपरच्या पिस्टनच्या मध्ये बसते, त्यामुळे ऑइलकडे जाणारी उष्णता रोखली जाते. ती उष्णता नाहीशी मात्र होत नाही, पॅड आणि डिस्कमध्येच राहते. ऑइल उकळतं पण पॅड टिकतात, अशांना याचा फायदा. पॅडच हरत असतील तर तोटा.

मी ट्रॅक्शन कंट्रोल चालू ठेवतो आणि पॅड झटपट संपतात. असं का?

आजच्या गाड्यांत ईएसपी (गाडी घसरू न देणारी यंत्रणा) आणि इलेक्ट्रॉनिक डिफरन्शियल हे ब्रेक लावूनच काम करतात. फोक्सवॅगन गटाची एक्सडीएस प्रणाली वळणात आतल्या बाजूच्या पुढच्या चाकाला ब्रेक लावते. तुम्ही पेडलला पायही लावलेला नसताना ब्रेक तापत असतात. ट्रॅकवर सवय झाल्यावर, आणि सोबत जाणकार प्रशिक्षक असेल तेव्हा, स्पोर्ट मोडमध्ये हा हस्तक्षेप कमी करता येतो. नवशिक्याने बंद करू नये. दोन पॅड पुन्हा आणता येतात.

कूलिंग सुधारलं की नाही, हे कळणार कसं?

मोजून. पिटमध्ये, म्हणजे ट्रॅकशेजारच्या थांब्यावर, आल्यावर इन्फ्रारेड गन रोखणं हा कच्चा मार्ग आहे: तोवर डिस्क बरीच निवलेली असते आणि चकचकीत बीड गनला चुकीचा आकडा दाखवतं. थर्मल पेंट सोपा आणि खात्रीचा. एपी रेसिंगच्या संचातला हिरवा रंग साधारण 430 अंशांना, नारिंगी 560 ला आणि लाल 610 ला कायमचा बदलतो. डिस्कच्या बाहेरच्या कडेवर तिन्हींचा एकेक पट्टा ओढा आणि पूर्ण सेशन चालवा. हिरवा पूर्ण बदललाय आणि नारिंगी कडेला जेमतेम, तर ठीक. लालही बदलला असेल तर हवा वाढवा. कॅलिपरवर तापमानाच्या चिकटपट्ट्या लावा, म्हणजे ऑइल उकळबिंदूच्या किती जवळ जातंय ते कळतं.

डक्टच्या आधी एकदा आणि नंतर एकदा, त्याच ट्रॅकवर, त्याच पॅडवर मोजा. एका बाजूचा डक्ट टेपने बंद करून दोन्ही बाजू एकाच सेशनमध्ये ताडून बघण्याचा मोह काहींना होतो. तसं करू नका, ब्रेक एका बाजूला ओढू शकतो.

मे महिन्यात ट्रॅकवर जाणं वेडेपणा आहे का?

डिस्कच्या दृष्टीने तितकासा नाही. 500 अंशांची डिस्क 15 अंशांच्या हवेत निवते की 40 अंशांच्या, यात तापमानाचा फरक पाचेक टक्क्यांनी घटतो, आणि गरम हवा विरळ असल्याने आणखी आठेक टक्के हवा कमी मिळते. नुकसान आहे, पण थोडं. उन्हाळ्यात टायर, इंजिन आणि हेल्मेटमधला माणूस यांची काळजी ब्रेकपेक्षा जास्त.

आंबेनळी, ताम्हिणी, वरंधा: घाट उतरताना ब्रेक तापतात. डक्टने फरक पडेल?

नाही. डक्टमध्ये हवा ढकलणारा दाब वेगाच्या वर्गाने बदलतो. ताशी 200 ला जो दाब मिळतो, त्याचा पंचविसावा हिस्साच ताशी 40 ला उरतो. घाटात उष्णता सलग येत राहते आणि वारा जवळपास नसतोच. तिथे इलाज जुनाच: उतार सुरू होण्याआधी खालच्या गिअरमध्ये या आणि गाडी इंजिनावर उतरवा. ब्रेक सतत हलका टेकवून ठेवण्यापेक्षा थोडा वेळ पक्का लावून सोडा. ऑटोमॅटिक असेल तर मॅन्युअल मोड वापरा, न्यूट्रल कधीच नाही. पोलादपूरला पोहोचल्यावर करपट वास आला तर गाडी लगेच बंद करून उभी करण्याऐवजी सपाटीवर थोडं अंतर हळू चालवा.

पिटमध्ये आल्यावर काय करायचं?

शेवटची लॅप शक्यतो ब्रेक न लावता, हळू. थांबलेल्या डिस्कमधून वारा वाहत नाही आणि तिची सगळी उष्णता कॅलिपरकडे चढते, म्हणून ट्रॅकवर न उकळलेलं ऑइल पिटमध्ये उभ्या गाडीत उकळू शकतं. हँडब्रेक ओढू नका, गाडी गिअरमध्ये ठेवून चाकाला दगडाची किंवा ठोकळ्याची ओट लावा. ब्रेक पेडलवर पाय ठेवून उभे राहू नका. तापलेला पॅड एकाच जागी दाबून राहिला तर त्याचा थर डिस्कवर चिकटतो आणि मग स्टीअरिंग थरथरतं. डिस्क वाकली म्हणून ज्या लेथवर घासून सपाट करायला नेतात, त्यांतल्या पुष्कळ वाकलेल्या नसतात, त्यांच्यावर हा थर असतो.

पावसाळ्यात डक्ट उघडे ठेवायचे का?

रस्त्यावर वापरताना झाकणं लावा. डक्टमधून पाणी आणि चिखल सरळ डिस्कवर येतो आणि पहिला ब्रेक उशिरा चावतो. ट्रॅकचे पॅड गार असताना आधीच कमी चावतात, त्यात हे नको. शर्यतीतले संघही थंडी-पावसात डक्टचं तोंड टेपने लहान करतात.

आरटीओ आणि विमा?

मोटार वाहन कायद्याचं कलम 52 वाहनाच्या मूळ तपशिलात फरक पडेल असे बदल करू देत नाही. क्लिपने बसणारे डिफ्लेक्टर ही एक गोष्ट झाली, बंपर कापून फॉग लॅम्प काढणं दुसरी. ट्रॅकसाठी वेगळा बंपर ठेवला तर मूळचा जसाच्या तसा राहतो. विम्याचं मात्र स्पष्ट आहे: आपल्याकडच्या नेहमीच्या मोटार पॉलिसीत संघटित शर्यती आणि वेगाच्या चाचण्या वगळलेल्या असतात. ट्रॅकवर ब्रेक फेल होऊन गाडी भिंतीला लागली तर खर्च तुमचा.